एकच डबा, तीन ओएस: एनएफएस आणि एसएमबीचे माझे आकडे, सांगा काय चुकतंय

वायरगुंता

नमस्कार मंडळी, नेटवर्कवरून फाइल शेअर करायच्या दोन पद्धती, एनएफएस (लिनक्स-युनिक्सवाली) आणि एसएमबी (विंडोजवाली), कुठल्या ओएसवर (ऑपरेटिंग सिस्टीमवर) किती वेगाने चालतात हे बघायला दोन वीकेंड घालवून एक प्रयोग केलाय, तो इथे टाकतो. घरचा जुना सर्व्हर, त्यात ७,२०० आरपीएमच्या चार हार्ड डिस्क, ३२ जीबी रॅम, १० गिगाबिटचं कार्ड, आणि समोर तसंच कार्ड असलेला डेस्कटॉप, ज्यावर लिनक्स आणि विंडोज ११ दोन्ही आहेत. मध्ये स्विच नाही, थेट केबल. सर्व्हरवर आळीपाळीने डेबियन १२ (लिनक्स), फ्रीबीएसडी १४ (युनिक्सच्या घराण्यातलं) आणि विंडोज सर्व्हर २०२२ टाकलं, प्रत्येकाला बूटसाठी वेगळी एसएसडी, डेटा मात्र त्याच चार डिस्कवर. डेबियनवर एमडी रेड १० (डिस्कच्या जोड्या, जोडीत दोन्हीवर सारखीच प्रत) आणि एक्स्ट४ फाइलसिस्टीम, फ्रीबीएसडीवर झेडएफएसचे दोन मिरर, विंडोजवर स्टोरेज स्पेसेसचा मिरर आणि एनटीएफएस.

नेटवर्कचा वेग मोजणारं आयपर्फ३ तिन्हीकडे ९.४१ गिगाबिट दाखवतं, म्हणजे केबल आणि कार्ड ठीक.

डीडीने (डेटा जसाच्या तसा कॉपी करणारी कमांड) ८ जीबीची फाइल लिहिली तर फ्रीबीएसडी सेकंदाला १.१ जीबी, बाकी दोघं ४०० एमबीच्या आसपास. तीच फाइल परत वाचली तर तिन्ही १.१ जीबी. इथपर्यंत मी खूश. मग लिनक्स कर्नलचा सोर्स शेअरवर अनटार केला (गठ्ठा सोडवून हजारो छोट्या फाइल्स काढल्या) आणि डोकं फिरलं, डेबियनच्या एनएफएसवर ४ मिनिटं, फ्रीबीएसडीच्या एनएफएसवर पाऊण तास उलटून गेला तरी चालूच! विंडोजच्या एसएमबी शेअरवर, लिनक्समधूनच, ११ मिनिटं.

माझा निष्कर्ष असा की फ्रीबीएसडी मोठ्या फाइलला ससा आणि छोट्या फाइलला कासव. पण इतका फरक पचत नाहीये. सेटिंगमध्ये काय बघू?

जुनं_खोड

आकडे बघूनच शंका आली. डेबियनच्या एक्सपोर्ट्स फाइलमधली (कुठलं फोल्डर कसं शेअर करायचं ते जिथे लिहितात) ती एक ओळ इथे चिकटवा आधी. बाकी बोलू मग.

पेंग्विनपंथी

लिनक्स टाका आणि विषय संपवा राव, बाकी सगळा टाइमपास आहे.

वायरगुंता

@जुनं_खोड ओळीत आरडब्ल्यू, असिंक, नो-सबट्री-चेक असं आहे. खरं सांगायचं तर कुठल्यातरी गाइडमधून उचलली, प्रत्येक शब्दाचा अर्थ बघितला नव्हता.

जुनं_खोड

हं. असिंक. घ्या, तुमची ४ मिनिटं इथे आहेत.

आता सविस्तर, कारण हा घोळ दर काही महिन्यांनी कोणीतरी घालतंच. एनएफएसचा नियम असा आहे की क्लायंटने फाइल बनवली, नाव बदललं, किंवा डेटा पक्का करा म्हणून सांगितलं, की सर्व्हरने ते खरंच डिस्कवर उतरवायचं आणि मगच "झालं" म्हणायचं. हा नियम जुनाच आहे, "पक्का करा" म्हणून वेगळं सांगायची सोय व्हर्जन ३ ने, १९९५ मध्ये आणली. असिंक लिहिलंत की लिनक्सचा सर्व्हर रॅममध्ये घेऊनच "झालं" म्हणतो, म्हणजे सरळ थाप मारतो. एके काळी लिनक्सवर हेच डिफॉल्ट होतं, एनएफएस-युटिल्स १.०.० च्या नंतरच्या आवृत्त्यांपासून सिंक डिफॉल्ट झालं, पण जुन्या गाइडांमधून असिंक अजून फिरतोय.

तुमचा फ्रीबीएसडी मात्र खरं बोलतोय. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, म्हणजे एक फेरा ८.३ मिलिसेकंदाचा. पक्कं लिहायचं म्हटलं की डिस्कला जवळजवळ दर वेळी एक फेरा थांबावं लागतं. कर्नलच्या सोर्समध्ये सत्तर हजारांहून जास्त फाइल्स, प्रत्येकीला फाइल बनव, डेटा पक्का कर, वेळ-परवानग्या लाव अशी तीन कामं धरा. ७०,००० गुणिले ३ भागिले १२०, झाली जवळपास अर्ध्या तासाची नुसती चकती फिरायची वाट बघणं! यात ओएसचा काय दोष? तुम्ही डिस्कचा फेरा मोजलात एकीकडे आणि रॅम मोजलीत दुसरीकडे.

आयओ_वेट

जुन्या खोडांनी एक कान धरला, मी दुसरा धरतो. डीडीमध्ये सोर्स काय होता, डेव्ह झीरो, म्हणजे नुसते शून्य देणारी फाइल, ना? झेडएफएसवर कॉम्प्रेशन चालू असतं, नुसते शून्य आले की ते डिस्कवर लिहितच नाही, तिथे भोक आहे एवढीच नोंद करतं. म्हणजे तुमचे ते १.१ जीबी केबलचा स्पीड आहे, डिस्कचा त्यात काही संबंध नाही. साधा ताळा करून बघा की, एक डिस्क सलग लिहिताना २०० एमबीच्या आसपास देते, दोन मिरर म्हणजे लिहिण्यासाठी दोन डिस्कचा जोर, म्हणजे ४०० एमबी. मग १.१ जीबी आले कुठून?

वाचनाचं तर बोलूच नका, ८ जीबीची फाइल आणि ३२ जीबी रॅम, आत्ताच लिहिलेली फाइल तिन्ही ओएसनी रॅममधूनच परत दिली. डिस्कचा दिवा लुकलुकला तरी का बघितलंत?

डीडी सोडा, एफआयओ हे डिस्क मोजायचं टूल घ्या. फाइल रॅमच्या किमान दुप्पट ठेवा, रिफिल बफर्स चालू करा म्हणजे प्रत्येक ब्लॉकला नवा कचरा लिहिला जाईल, डायरेक्ट १ द्या म्हणजे क्लायंटची कॅश मध्ये येणार नाही, आणि शेवटी एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का करा ही मागणी) मोजणीत धरा. क्यू डेप्थ (एका वेळी किती मागण्या वाटेत असतील) १ आणि ३२ दोन्ही करा, हे महत्त्वाचं, का ते नंतर लिहितो आता शिफ्ट संपत आलीये.

नवखा_१२३

+१ वाचतोय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

खिडकीतून_रूट

विंडोजच्या बाजूने कोणी बोलत नाहीये म्हणून मी लिहिते.

@वायरगुंता तुमची ११ मिनिटं ना एनएफएसच्या ४ शी तोलता येत ना ४५ शी. एसएमबीमध्ये क्लायंटने फ्लश मागितला नाही तर सर्व्हर डेटा कॅशमध्ये ठेवून मोकळा होतो, आणि साधं कॉपी करताना किंवा अनटार करताना फ्लश कोणी मागत नाही. म्हणजे टिकाऊपणाच्या बाबतीत तुमची एसएमबी टेस्ट असिंकच्या जवळची आहे, फरक इतकाच की इथे खोटं कोणी बोलत नाही, कारण कोणी विचारलेलंच नाही. सांबातही (लिनक्स-फ्रीबीएसडीवरचा एसएमबी सर्व्हर) तेच, क्लायंटने मागितला तर फ्लश करायचा की नाही हे स्ट्रिक्ट सिंकवर ठरतं, ते ४.७ पासून डिफॉल्टनेच येस आहे. त्याआधी नो होतं, त्यामुळे जुन्या सांबाचे आकडे नव्याशी लावू नका.

दुसरं, वेळ जातो तो बोलाचालीत. एक छोटी फाइल ठेवायची तर उघड, माहिती दे, लिही, तारीख लाव, बंद कर, अशा फेऱ्या होतात. शिवाय तुम्ही विंडोजचा शेअर लिनक्सच्या सीआयएफएस (एसएमबीवाल्या) क्लायंटने चढवलात, तो क्लायंट वेगळा, त्याच्या सवयी वेगळ्या. विंडोज सर्व्हर मोजायचा तर विंडोज क्लायंटनेही एकदा मोजा.

तिसरं साइनिंग. विंडोज ११ च्या २४एच२ पासून एसएमबी साइनिंग डिफॉल्टने सक्तीचं आहे, म्हणजे प्रत्येक पॅकेटवर सही. दोन्ही टोकं नवी असतील तर ती सही एईएस-जीमॅकने होते, प्रोसेसरला फार जड जात नाही. एक टोक जुनं असेल तर सीमॅक किंवा त्याहून जुनी पद्धत लागते आणि १० गिगाबिटवर एक कोर पूर्ण भरतो, मग लोक "सांबा स्लो आहे" म्हणून धागे काढतात. मी स्वतः एकदा पूर्ण दिवस डिस्क बदलण्यात घालवला होता आणि दुखणं निघालं सहीचं. टास्क मॅनेजरमध्ये एकूण टक्के बघू नका, १६ कोर असतील तर एक भरलेला कोर ६ टक्केच दिसतो, कोअरनिहाय बघा.

आणि अनटार झाल्यावर फाइल्स मोजल्यात का? कर्नलच्या सोर्समध्ये नेटफिल्टरच्या फोल्डरात अशा जोड्या आहेत ज्यांची नावं फक्त कॅपिटल-स्मॉलने वेगळी आहेत, एक्सटी_कनमार्क मोठ्या अक्षरात एक आणि छोट्या अक्षरात एक. विंडोजच्या शेअरवर दुसरी पहिलीच्या डोक्यावर बसते. तुमच्या ११ मिनिटांत काही फाइल्स आल्याच नसतील :)

वायरगुंता

मोजल्या. खरंच कमी आहेत. दंडवत.

पेंग्विनपंथी

म्हणजे मी म्हणालो तेच. लिनक्स.

जुनं_खोड

@पेंग्विनपंथी लिनक्सचे ४ मिनिटवाले आकडेच खोटे निघालेत, धागा वरून वाचा जरा.

@वायरगुंता फेरमोजणी करणार असाल तर फाइलसिस्टीमचा फरक आधी काढून टाका. एक्स्ट४ विरुद्ध झेडएफएस मोजून ओएसबद्दल बोलता येत नाही. ओपनझेडएफएस २.० पासून, म्हणजे २०२० पासून, लिनक्स आणि फ्रीबीएसडीचा कोड एकच आहे. तोच पूल (झेडएफएसने एकत्र बांधलेल्या डिस्क) एका ओएसमधून एक्सपोर्ट करा, रीबूट, दुसऱ्यात इंपोर्ट करा. डिस्क त्याच, डेटा तोच, डिस्कवरची जागासुद्धा तीच. बाहेरच्या आणि आतल्या ट्रॅकचा स्पीड वेगळा असतो, तो मुद्दाही मिटतो.

आणि एनएफएसस्टॅट एम स्विच देऊन बघा की माउंट कुठल्या व्हर्जनने झालंय. फ्रीबीएसडीच्या आरसी डॉट कॉन्फमध्ये एनएफएसव्ही४ सर्व्हर वेगळा चालू करावा लागतो, नाही केला तर लिनक्स क्लायंट गुपचूप व्हर्जन ३ वर उतरतो आणि तुम्हाला वाटतं दोन्हीकडे ४.२ आहे.

वायरगुंता

चार दिवसांनी परत आलोय. एक एक सांगतो.

पहिला फटका, फ्रीबीएसडी १४ वर बनवलेला पूल डेबियन १२ ने उघडायलाच नकार दिला. तिथे झेडएफएस २.१ आणि इकडे २.२, नवी फीचर्स चालू झालेली. शेवटी पूल मोडून कंपॅटिबिलिटी प्रॉपर्टीत २.१ देऊन नव्याने बनवला, सगळा डेटा परत भरला, एक रात्र त्यातच गेली. कोणी करणार असेल तर आधीच करा.

माउंट फ्रीबीएसडीला खरोखरच व्हर्जन ३ चा होता. आता दोन्हीकडे ४ चा आहे, डेबियनला मुद्दाम ४.२.

तर तोच पूल, सिंक स्टँडर्ड (मागितलं की पक्कं लिहायचं), अनटार: फ्रीबीएसडी ४८ मिनिटं, डेबियन ५१. मग सिंक डिसेबल्ड (मागितलं तरी थांबायचं नाही) करून: दोन्हीकडे ५ मिनिटांच्या आत. एक्स्ट४ वर एक्सपोर्ट सिंक करून पण लावलं होतं, तासाच्या वर गेल्यावर मीच कंट्रोल-सी मारलं.

एफआयओने ६४ जीबीची फाइल सलग लिहिली, दोघंही ४०० च्या खाली एकमेकांना चिकटून. परत परत केलं तर कधी हा पुढे कधी तो, म्हणजे माझ्याच दोन रनमधला फरक ओएसमधल्या फरकाहून मोठा. दोन आठवडे मी नक्की काय मोजत होतो कुणास ठाऊक.

आयओ_वेट

आता क्यू डेप्थचं राहिलेलं लिहितो.

पिंग बघा, समजा ०.२ मिलिसेकंद. क्यू डेप्थ १ म्हणजे एक मागणी गेली, उत्तर आलं, मगच दुसरी. सेकंदाला फार तर ५,००० मागण्या, प्रत्येकी ४ केबी, म्हणजे सेकंदाला २० एमबी. सर्व्हरवर जगातली सगळ्यात भारी एनव्हीएमई एसएसडी बसवा, २० एमबीच. केबल १० गिगाबिटची असो नाहीतर १०० ची, जाण्यायेण्याचा फेरा तोच. आणि लोक हा आकडा बघून ओएस बदलतात! ३२ डेप्थला तोच सेटअप धावायला लागतो कारण रस्त्यावर एका वेळी ३२ गाड्या असतात.

म्हणून लिनक्स क्लायंटवर एनकनेक्ट करून बघा, कर्नल ५.३ पासून आहे, एकाच माउंटसाठी १६ पर्यंत टीसीपी कनेक्शन उघडता येतात. फेऱ्याचा वेळ कमी होत नाही, पण एका कनेक्शनच्या मागे रांग लागत असेल तर ती फुटते. आणि क्लायंट फ्रीबीएसडी असेल तर रीड-राइट साइज डिफॉल्टने ६४ केबीला अडते, लोडर कॉन्फमध्ये मॅक्सबीकॅशबफ वाढवावं लागतं. लिनक्स क्लायंट १ एमबीपर्यंत जातो. हाच फरक लोकांना "बीएसडीचं नेटवर्क स्लो" म्हणून दिसतो.

नवखा_१२३

एक बावळट प्रश्न, जंबो फ्रेम लावले तर?

आयओ_वेट

प्रश्न बावळट नाहीये. नेहमीच्या १,५०० बाइटच्या फ्रेममध्ये (नेटवर्कच्या एका पाकिटात) हेडर वगैरे जाऊन साधारण ९४ टक्के तुमच्या डेटाला मिळतं, वरचा ९.४१ तिथूनच येतो. जंबो म्हणजे ९,००० केलं तर ९९ टक्क्यांच्या जवळ. म्हणजे फायदा पाच टक्के, प्रोसेसरला थोडा आराम. पण दोन्ही टोकं आणि मधला स्विच, तिघांनाही लावलं पाहिजे. एक राहिला तर मजा बघा, लॉगिन होतं, फोल्डर दिसतं, आणि मोठी फाइल कॉपी करायला गेलात की सगळं गोठतं, कारण छोटी पॅकेट जातात आणि मोठी गायब होतात. डोन्ट फ्रॅगमेंट लावून ८,९७२ बाइटचा पिंग मारा, उत्तर आलं तरच पुढे जा.

रात्रपाळी

उशिरा आलो. सिंक डिसेबल्ड करून ५ मिनिटं म्हणून कोणी खूश होत असेल तर हे वाचा.

मी मागे असिंकवाल्या सर्व्हरची मुद्दाम वीज खेचली होती. क्लायंटवर छोटी स्क्रिप्ट, एक फाइल बनवायची, तिच्यात तिचाच नंबर लिहायचा, एफसिंक करायचा, आणि एफसिंक यशस्वी झाल्यावरच नंबर स्क्रीनवर छापायचा. सर्व्हर लिनक्स, एक्स्ट४, एक्सपोर्ट असिंक. नंबर भराभरा पळत होते, बघायला मस्त वाटतं. प्लग ओढला. स्क्रीनवरचा नंबर थांबला, एरर नाही काही नाही, हार्ड माउंट असल्यामुळे क्लायंट नुसता वाट बघत बसला. प्लग लावला, सर्व्हर वर आला, आणि स्क्रिप्ट जणू काही झालंच नाही अशी पुढे चालू!

मग फोल्डर उघडलं. एका नंबरपर्यंत सगळ्या फाइल्स नीट. त्यानंतर काही हजार फाइल्स अशा की नाव आहे, साइज शून्य. त्यापुढे एक पट्टा असा की नावसुद्धा नाही. आणि मग वीज आल्यानंतरच्या फाइल्स परत नीट. ही सगळी मधली मंडळी स्क्रीनवर "झालं" म्हणून छापली गेली होती. कारण सोपं आहे, एक्स्ट४ चं जर्नल (बदलांची नोंदवही) दर ५ सेकंदांनी उतरतं त्यात नावं गेली, डेटा मात्र अजून रॅममध्ये होता, आणि शेवटच्या काही सेकंदांची नावंही गेली नव्हती. क्लायंटने आपली कॉपी टाकून दिलेली, कारण सर्व्हर म्हणाला मिळालं. हाच सर्व्हर सिंकवर ठेवून चार वेळा प्लग ओढला, एकही नंबर गहाळ नाही, पण नंबर गोगलगायीसारखे सरकत होते.

झेडएफएसला सिंक डिसेबल्ड केलं तर पूल खराब होत नाही, पण शेवटचे साधारण ५ सेकंद जातात. आणि क्लायंट व्हर्च्युअल मशीन असेल तर ते ५ सेकंद तिच्या डेटाबेसच्या पोटातले असतात.

नवखा_१२३

बापरे. मग व्हीएमसाठी एनएफएसऐवजी आयस्कझी (सर्व्हरची डिस्कच नेटवर्कवरून क्लायंटला देणारी पद्धत) घेतलं तर हे सगळं टळतं ना?

जुनं_खोड

टळत नाही, लपतं. आयस्कझीत फाइल बनवणं वगैरे काम क्लायंटची फाइलसिस्टीम स्वतःकडे करते, सर्व्हरला फक्त ब्लॉक आणि फ्लश दिसतात, त्यामुळे अनटार झटकन होतं. पण क्लायंटने फ्लश पाठवला की डिस्कचा फेरा तिथेही आहेच. लिनक्सच्या टार्गेटसीएलआयमध्ये (आयस्कझी सर्व्हर लावायचं टूल) फाइलआयओ बॅकस्टोअर बनवलंत तर राइट-बॅक डिफॉल्टने चालू असतं, म्हणजे कॅश सर्व्हरच्या रॅममध्ये. विंडोजचा आयस्कझी टार्गेट नेमका उलटा, तो व्हीएचडीएक्स फाइलवर लिहिताना सर्व्हरच्या रॅममधली फाइल कॅश वगळतो. दोघांची स्पर्धा लावलीत तर लिनक्स जिंकणारच, आणि तुम्ही परत इथे येऊन धागा काढणार.

एक लिहायचं राहिलं, झेडव्हॉल (आयस्कझीला देता येणारा झेडएफएसमधला डिस्कसारखा तुकडा) असेल तर ब्लॉक साइज बनवतानाच ठरवा, नंतर बदलत नाही.

वायरगुंता

@रात्रपाळी वाचून अंगावर काटा आला. असिंक काढलंय, सिंक डिसेबल्ड पण काढलंय.

सर्व्हरमध्ये एक जुनी एंटरप्राइज एसएसडी पडून होती, वीज गेली तरी हातातलं लिहून संपवता यावं म्हणून कपॅसिटर असलेली. ती स्लॉग (पक्कं लिहायचं ते आधी झटकन टिपून ठेवायची झेडएफएसची वेगळी डिस्क) म्हणून लावली, सिंक स्टँडर्ड ठेवून अनटार परत केलं, फ्रीबीएसडी ७ मिनिटं, डेबियन साडेसहा. एवढ्यासाठी मी तीन ओएस टाकत बसलो होतो.

खिडकीतून_रूट

फक्त नवख्या वाचकांसाठी: साधी कपॅसिटर नसलेली एसएसडी स्लॉग म्हणून लावू नका. ती फ्लश प्रामाणिकपणे पाळत असेल तर एवढा वेग मिळत नाही, आणि पाळत नसेल तर परत तीच थाप.

@वायरगुंता मग शेवटी विंडोजचं काय केलंत?

वायरगुंता

विंडोज क्लायंटने मोजलं. मोठ्या फाइलला विंडोज सर्व्हर आणि सांबा दोन्ही केबल भरतात, साइनिंग दोन्हीकडे चालू ठेवून. कार्डाची दोन्ही पोर्टं जोडली तर विंडोजने आपोआप दोन्ही वापरली, सांबानेही वापरली, माझ्याकडे ४.१७ आहे.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे विंडोज सर्व्हर खरंच पुढे आहे आणि मला कारण कळत नाहीये. एकाच फोल्डरात ६०,००० फोटो आहेत, त्यात आणखी फोटो टाकायला गेलो की सांबा हळूहळू रांगायला लागतो, फोल्डर जितकं भरलेलं तितका जास्त. सांबाची एसएमबीडी प्रोसेस एक कोर पूर्ण खाते, डिस्क निवांत. विंडोज सर्व्हरवर असं काही होत नाही. इथे तरी ओएसचा फरक आहे ना?

जुनं_खोड

आहे, हा खरा आहे. विंडोजचा क्लायंट केसचा, म्हणजे कॅपिटल-स्मॉलचा, भेद मानत नाही, तुमची खालची फाइलसिस्टीम मानते. प्रत्येक नवी फाइल ठेवताना सांबाला खात्री करावी लागते की याच नावाची पण वेगळ्या केसमधली फाइल आधीच नाही ना, आणि त्यासाठी तो बिचारा अख्खं फोल्डर चाळतो. साठ हजार नावं, प्रत्येक फोटोला. एनटीएफएस मुळातच केस न मानता शोधते, म्हणून तिला चाळावं लागत नाही.

दोन उपाय. झेडएफएसवर नवा डेटासेट केस-इन्सेन्सिटिव्ह बनवा, हे बनवतानाच ठरतं नंतर बदलत नाही, मग त्या शेअरला सांबात केस सेन्सिटिव्ह येस द्या, म्हणजे सांबा चाळणं सोडून फाइलसिस्टीमला थेट विचारेल. किंवा आहे त्याच डेटासेटवर केस सेन्सिटिव्ह येस, डिफॉल्ट केस लोअर, प्रिझर्व्ह केस आणि शॉर्ट प्रिझर्व्ह केस दोन्ही नो, पण त्याआधी सगळ्या फोटोंची नावं लोअरकेस करून घ्यावी लागतील, कॅमेऱ्याने दिलेली मोठ्या अक्षरातली नावं तशीच राहिली तर क्लायंटला त्या फाइल्स सापडणारच नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर पहिला उपाय केला असता.

वायरगुंता

पहिला करतोय, कॉपी चालू आहे. एसएमबीडी आत्ताच ८ टक्क्यांवर दिसतोय, मघाशी १०० होता.

पेंग्विनपंथी

सर्व्हर कुठला ठेवलात शेवटी?

वायरगुंता

जो आत्ता बूट झालेला आहे तो. डेबियन.

पेंग्विनपंथी

🙏